धर्माबादची अबोली

धर्माबाद
९ ऑक्टोबर १९९३

प्रिय पमा,

नऊ दिवस झाले, तुझी काही खबर नाही. लातूरचा फोन लागत नाही. त्या पहाटे आमच्याकडं नुसती मांडणीवरची भांडी वाजली. मांजर समजून मी शुक शुक केलं आणि कूस बदलली. सकाळी रेडिओवर भूकंपाच्या बातमीत लातूरचं नाव ऐकलं, तेव्हापासून घास उतरत नाही. आमचे जिलानी म्हणाले, "चिठ्ठी टाक. पोस्टमन कुठंबी पोचतो." म्हणून लिहून राहिले. दोन ओळी लिही, पण तुझ्या अक्षरात लिही.

रिकामं पाकीट कसं पाठवू? सोबत अबोलीचं बी आहे. उमरीच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तुझ्या वेणीत असायची तीच, अम्मीच्या अंगणातली, पिकल्या पपईच्या रंगाची. वाळलेल्या कणसावर पाणी शिंपडलं की बी तडतड उडतं, म्हणून मी वरून ओढणी धरून गोळा करते. तुमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. तिच्यात वाळू आणि शेणखत कालव. दुपारचं ऊन टळेल अशी भिंतीच्या कडेची जागा बघ. बुडाशी पाणी तुंबू देऊ नको. शेजारी दोन झेंडू लाव, म्हणजे मुळांना गाठी येत नाहीत. फुलं संपलेलं कणीस खुडत जा, नवं लवकर येतं.

वसंतरावांना आदाब. लवकर लिही.

तुझी,
वहिदा

*

लातूर
४ नोव्हेंबर १९९३

प्रिय वहिदा,

आम्ही दोघंही सुखरूप आहोत. यज्ञेश पुण्याला कॉलेजात होता, म्हणून त्याला काही कळलंच नाही. घर उभं आहे, मागची भिंत चिरली. औशाच्या पुढं माझ्या मावशीचं गाव होतं. मावशी गेली. त्याच्यावर आज लिहीत नाही.

आम्ही अंगणात पत्रे टाकून राहतो. यांची कचेरी सुरू झाली. हे म्हणतात, "आता आत जाऊ." मी म्हणते, जाऊ की. पण उंबऱ्याशी गेले की पाय थांबतात.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा हातात खुरपं घेतलं. भिंतीपासून हातभर सोडून वाफा केला. शेजारणी म्हणाल्या, "बाई, लोकं विटा उचलून राहिलेत अन् तू फुलं लावतीस?" मी लावलीच. अठरा दिवसांनी कोंब आले. अकरा आहेत! रोज सकाळी उठून मोजते. यांनी काल विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, "अकराच. कोंब काय पळून जातात?" तर हे हसले. महिन्यात पहिल्यांदा हसले, वहिदा.

तुझी,
पमा

*

धर्माबाद
२ जानेवारी १९९४

प्रिय पमा,

तुझं पत्र मी जिलानींना मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवसभर मिरचीच्या पोत्यांत असणारा माणूस, आता दुकानातून आल्या आल्या विचारतो, "लातूरची रोपं कशी हायत?" तू बाकी काही लिहू नको वाटलं तर. रोपांचं मात्र लिहीत जा. रोपांचं वाचलं की कळतं, पमा बरी आहे.

तुझी,
वहिदा

*

लातूर
१८ ऑगस्ट १९९४

प्रिय वहिदा,

उशीर झाला, रागावू नको. अगं, काय सांगू तुला! अबोली अशी फुलली आहे की रस्त्यानं जाणारा थांबतो. अकराही झाडं डेरेदार झाली. श्रावणात रोज देवाला हार, माझ्या डोक्यात गजरा, शेजारी दोन घरी ओंजळ ओंजळ. संध्याकाळी तर सुगंधानं अंगण भरून जातं. हे म्हणतात, "तुझ्या मैत्रिणीनं बी पाठवलं की जादू?"

मी अगदी ठणठणीत आहे. काळजी करू नको.

तुझी,
पमा

*

धर्माबाद
५ सप्टेंबर १९९४

प्रिय पमा,

वाचून लई आनंद झाला. जिलानींनी दोनदा वाचायला लावलं. असंच लिहीत जा.

वहिदा

*

लातूर
१० नोव्हेंबर १९९५

प्रिय वहिदा,

आमचं लातूर आता ओळखू येणार नाहीस. जिथं तिथं क्लासच्या पाट्या. पहाटे साडेपाचला सायकली सुटतात त्या जणू शर्यत लागल्यागत. बाहेरगावाहून आलेली पोरं जागा शोधत दारोदार फिरतात. यज्ञेशची खोली रिकामीच होती, वरचीही होती. सहा मुली ठेवल्या आहेत. देगलूरची भार्गवी म्हणून एक आहे, ती रसायनशास्त्राची सूत्रं गाण्याच्या चालीवर म्हणते. मलाही चार पाठ झाली.

अबोलीचं विचारशील. ती तर आता माजली आहे. मुलींना घरी जाताना बी बांधून दिलं. निम्म्या मराठवाड्यात तुझ्या अम्मीची अबोली पोचली म्हण!

तुझी,
पमा

*

धर्माबाद
१६ जून १९९६

प्रिय पमा,

मिठाई पाठवता येत नाही म्हणून पत्र पाठवते. आमची नाजिया दहावीला तालुक्यात मुलींत पहिली आली! तिला डॉक्टर व्हायचंय आणि त्यासाठी लातूरलाच जायचंय. जिलानी ऐकत नव्हते. "सोळा वर्षांची पोर, अनोळखी गावात कुणाच्या भरवशावर ठेवू?" मी म्हटलं, पमाच्या. मग म्हणाले, "ती अबोलीवाली? तिच्याकडं असंल तर बघू."

मंगळवारी, २५ तारखेला, आम्ही तिघं नांदेडहून बसनं येतो. दुपारपर्यंत पोचू. घर बघू, तुझ्या हातचा चहा पिऊ, आणि जिलानींना ती अकरा झाडं बघायची आहेत. मलाही.

तुझी,
वहिदा

*

धर्माबाद
३० जून १९९६

पमा,

कशी सुरुवात करू कळत नाही. तू पोळ्या केल्यास, आंब्याचा रस केलास, नाजियाच्या डोक्यावरून हात फिरवलास. सगळं चांगलं झालं. आणि अंगणात नऊ अबोल्या होत्या.

अगं वेडे, नऊच्या नऊ एका उंचीच्या! अडीच वर्षांची अबोली माझ्या कमरेला लागते, बुडाशी लाकूड धरते. आणि रंग तो विटकरी. ती बाजारातली दिल्ली अबोली. तिला बी धरत नाही, आणि तू म्हणे निम्म्या मराठवाड्याला बी वाटलंस.

पण मला ते त्या दिवशीच कळलं असं नाही. मला ऑगस्ट चौऱ्याण्णवपासून माहीत आहे. अबोलीला वास नसतो, पमा. तू सुगंधानं अंगण भरून टाकलंस तेव्हाच मी कपाळावर हात मारला. बोलले नाही. वाटलं, फुलांचं लिहायला बसते तेवढा वेळ तरी हसत असेल. खोटं तर खोटं.

पण जिलानींचं तसं नाही. निघताना चप्पल घालायला वाकले, तर मातीतून काळ्या पिशवीची कड वर आलेली. बोटानं माती सारली. पिशवीसकट पुरलेलं रोप. उठून तुला नमस्कार केला. बसमध्ये अहमदपूरपाशी माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "जी बाई फुलाबद्दल अडीच वर्षं खोटं लिहिती, ती पोरीबद्दल खरं लिहील कशावरून? पोर आजारी पडली तर लिहील, ठणठणीत आहे."

मी भांडले.

नाजिया जेवत नाही. प्रवेशाची शेवटची तारीख १२ आहे. मी तुझ्यावर रागावले नाही. पण आता माझ्या बोलण्यानं काही होणार नाही.

वहिदा

*

लातूर
४ जुलै १९९६

जिलानीभाई,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे. वहिदाला वाचायला दिलं तरी चालेल.

तुमचं बरोबर आहे. मी खोटं लिहिलं. अकरा कोंब आले होते हे खरं. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत गवंडी चिरलेली भिंत बांधायला आले. त्यांनी सिमेंट कालवलं ते वाफ्याला लागून. ते पाणी वाफ्यात उतरलं. आठ दिवसांत अकराही रोपं जळाली. मी वाफ्याशी बसून राहिले. मावशीच्या वेळी आलं नाही तेवढं रडू तेव्हा आलं. आणि घरात वहिदाचं पत्र होतं : रोपांचं वाचलं की कळतं, पमा बरी आहे. मग मेली म्हणून कशी लिहू? सहा महिने लिहिलंच नाही. नंतर एकदा खोटं लिहिलं आणि पुढं ते वाढतच गेलं. तुम्ही येणार म्हटल्यावर औसा रोडच्या नर्सरीतून नऊ रोपं आणली. पिशव्या फाडल्या असत्या तर ती ऐन तुमच्यासमोर माना टाकून बसली असती, म्हणून तशीच पुरली. अकरा आणायची होती. त्यांच्याकडं नऊच होती.

आता घराबद्दल खरं लिहिते. त्या दिवशी तुम्हाला सगळं छान छान दाखवलं.

मागच्या खोलीत कपाटाच्या मागं भेग आहे. इंजिनिअरनं तपासून भिंत पक्की आहे असं लिहून दिलंय, पण भेग दिसते म्हणून मी कपाट सरकवलं होतं. नळाला पाणी दिवसाआड येतं, उन्हाळ्यात आठवड्यानं. सहा मुलींना एक न्हाणीघर, सकाळी भांडणं होतात. गेल्या वर्षी एक मुलगी क्लासला कंटाळून मार्चआधीच घरी गेली. ती का रडते हे मला वेळेवर कळलं नाही, याचं मला वाईट वाटतं. नाजियाला किती मार्क पडतील ते मी सांगू शकत नाही. आमच्याकडं मटण-मासे शिजत नाहीत. अंड्यासाठी वेगळी शेगडी देईन. नमाजाला वरची खोली शांत आहे.

आणि एक. मी अजून घरात झोपत नाही. तीन वर्षं होत आली, अंगणातल्या पत्र्याखालीच झोपते. पहाटे चारच्या आधी रोज जाग येते. मग उजाडेपर्यंत बसून असते. हे वहिदाला माहीत नाही. मुलींनाही वाटतं, मावशीला उकडतं. अशा बाईच्या घरी पोर ठेवायची का, ते तुम्ही ठरवा. रमजानात तिला पहाटेच्या सहरीला उठवायला मात्र गजर लागणार नाही. तेवढ्या वेळेला मी जागीच असते.

तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. पोरीला जेवायला सांगा.

आपली,
प्रमोदिनी

*

धर्माबाद
८ जुलै १९९६

प्रमोदिनीताईंना जिलानीचा आदाब.

मला लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो. वीस वर्षं मिरचीत आहे. जो तो पोत्याच्या तोंडाला लाल भडक मिरची ठेवतो आणि तळाला भिजकी, पांढरी. आम्ही हात घालून तळ बघतो. मालकानं स्वतः पोतं उलटं करून "बघा, इथं खराब आहे" म्हणून दाखवलेलं मी एकदाही बघितलं नाही. तुम्ही दाखवलं.

तुमचं पत्र वहिदाला दिलं. ती चुलीपुढं बसून वाचत होती, भाकरी करपली.

११ तारखेला नाजियाला घेऊन येतो. तिच्याबरोबर ताजं बी पाठवतो आहे. या वेळी मेलं तर मेलं म्हणून लिहा.

जिलानी

*

लातूर
२५ जानेवारी १९९७

प्यारी अम्मी,

आज पंधरावा रोजा. तब्येत चांगली आहे, खरंच चांगली आहे. मावशी वाचून बघणार आहेत म्हणून खोटं लिहायची सोयच नाही. सहामाहीला भौतिकशास्त्रात घसरले. शंभरात बावन्न. अब्बांना तूच सांग.

अबोलीचा हिशेब मावशींनी स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय. बी सव्वीस. कोंब चौदा. गोगलगाईंनी खाल्ले चार. एकावर भार्गवीनं सायकल घातली. उरले नऊ. मावशी रोज सकाळी गोगलगाई वेचतात आणि त्यांना रागवून नाल्यापलीकडं सोडून येतात. मी म्हटलं, "मावशी, त्या परत येतात." तर म्हणाल्या, "येऊ देत. मला तरी दुसरं काय काम आहे?" झेंडू मधे मधे लावलेत. अकरावीला जीवशास्त्रात मूळ शिकवलं त्या दिवशी मी एक झेंडू उपटून वर्गात नेला, तर मावशींनी दोन दिवस अबोला धरला.

परवा पहिल्या कणसात चार फुलं उमलली. पपईच्या रंगाची. मावशी चष्मा लावून जवळून बघत होत्या. कुणालाच तोडू दिली नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा आम्ही सगळ्या मुलींनी मिळून मावशींचं अंथरूण उचललं आणि आमच्या खोलीत टाकलं. त्या दाराजवळच झोपायच्या, दार उघडं ठेवून. आम्ही कुडकुडायचो, पण कुणी बोललं नाही. रोज सहरीला त्याच उठवतात. माझ्यासाठी उठतात म्हणून बाकीच्या पाचजणीही उठून अभ्यासाला बसतात. भार्गवी तर म्हणते, रमजान वर्षभर पाहिजे.

काल माझे डोळे उघडले तर पाच वाजायला आले होते. स्वयंपाकघरात दिवा नाही. बघते तर मावशी गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, चक्क घोरत होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात दारातून वसंतकाकांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "झोपू दे, पोरी. मी करतो." काकांनी दूध उतू घालवलं आणि कालच्या पोळ्या गरम करून दिल्या. मी खात होते तर काका नुसते चुलीकडं तोंड करून उभे. डोळे पुसत होते. मी बघितलंच नाही असं केलं.

मावशी साडेसहाला उठल्या आणि सगळ्यांवर ओरडल्या.

ईदला मी येते. मावशींना पण आण म्हणालीस, पण त्या घर सोडून एक दिवससुद्धा कुठं जात नाहीत. यज्ञेशदादा पुण्याला बोलावतो, तर तिकडंही नाही. तूच लिहून बघ.

तुझी,
नाजिया

*

धर्माबाद
१० मे १९९७

अहो,

पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. बस अहमदपूरला तासभर पंक्चर होऊन उभी होती. नाजियानं तेवढ्यात झाडाखाली बसून गणितं सोडवली. नांदेडहून रेल्वेनं आलो. खिडकीतून उमरीचं स्टेशन गेलं तर मी ओरडलेच. समोरचा माणूस दचकला. फलाटावर उतरले तेव्हा वहिदा समोर उभी होती. चार वर्षं रकानेच्या रकाने लिहिलं एकमेकींना, आणि आता बघा. दोघी नुसत्या हसत सुटलो. जिलानीभाई म्हणाले, "आता घरी जाऊन हसा, टांगेवाला थांबलाय."

इथं सगळ्या गावाला मिरचीचा वास. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा शिंकले. इथले लोक शिंकत नाहीत, आणि शिंकणाऱ्याकडं बघून मजा घेतात. जिलानीभाईंनी मला दुकानात नेलं, मुठीत मिरची घेऊन वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मला काही जमलं नाही.

वहिदाची अबोली काय सांगू! कुंपणाला लागून चाळीसेक झाडं, माझ्या कमरेइतकी. रोज सूर्य वर यायच्या आत आम्ही दोघी खुडायला बसतो. पलीकडून रत्नम्मा म्हणून एक फुलवाली येते, तेलुगूच बोलते. ती अबोलीला कनकांबरम म्हणते. तिनं मला केळीच्या दोऱ्यात फुलं गुंफायला शिकवली, सुई न लावता. पहिला गजरा सुटून मांडीवर पडला. दुसरा टिकला. तो मी घातला, तिसरा वहिदानं. नाजिया म्हणाली, "अम्मी, तुम्ही दोघी शाळेत निघाल्यासारख्या दिसता."

रात्री मी वहिदाच्या खोलीत झोपते. वर स्लॅबच आहे. पहिल्या रात्री दार उघडं ठेवा म्हटलं, तिनं ठेवलं. दुसऱ्या रात्री डास फार होते, मीच उठून लावून घेतलं.

आपल्या अबोलीला या उन्हात रोज पाणी लागेल, पण संध्याकाळीच घाला आणि बुडाशी तुंबू देऊ नका. बोट खुपसून बघा. माती ओली लागली तर घालू नका. संपलेली कणसं खुडा. भार्गवीला सायकल दुसरीकडं लावायला सांगा.

नाजियाचे क्लास सोळापासून आहेत. तिला जिलानीभाई आणून सोडतील. दूधवाल्याला माझं एक लिटर कमी करायला सांगा. पीठ डब्यात आहे, लोणचं वरच्या फळीवर. मी या शुक्रवारी येत नाही. पुढच्या शुक्रवारी येईन, किंवा त्याच्या पुढच्या. वहिदा म्हणते, जूनमध्ये झडी लागली की फांद्या लावायला शिकवते. तोवर राहिले तर तुम्ही महिना-दीड महिना स्वयंपाक करू शकाल का, ते खरं खरं कळवा.

तुमची,
प्रमोदिनी